दाढ काढली, जबड्याचे काय?

फराळाचे ताट पुढ्यात असताना किडक्या दाढेची गोष्ट काढणे हा अरसिकपणा आहे, हे मला कळते. संपादकांनी माझ्याकडे मागितली होती कथा. पण यंदा कथा काही सुचेना. सुचले ते हे भांडण. मनात भांडण धरून कथा लिहायला बसले की सगळी पात्रे वकिलासारखी बोलू लागतात, हा माझा जुना अनुभव आहे. म्हणून पात्रांना सुट्टी देऊन मी स्वतःच भांडायला उभा राहिलो आहे.

आधीच कबूल करतो, मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. शाळेत पोरांना शिकवतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. इथे जे सांगणार आहे ते गरजेने शिकलो, जाणत्यांना विचारून शिकलो. माझे भांडण दंतवैद्यकाशी नाही. त्या शास्त्राने माझ्या बहिणीचा जबडा वाचवला आहे. माझे भांडण दोन तऱ्हांच्या माणसांशी आहे. पहिला म्हणतो, "दाढ काढली, विषय संपला." दुसरा म्हणतो, "तुमच्या साऱ्या दुखण्यांचे मूळ त्या काढलेल्या दाढेच्या खड्ड्यात आहे." दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना, पण वाचकहो, हे सख्खे भाऊ आहेत. रोग्याच्या तोंडात नीट पाहायचे नाही, हा दोघांचाही कुळाचार.

दोन वर्षांपूर्वीची भाऊबीज. आक्का माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. दरवर्षी ती ओवाळताना माझी थट्टा करते, मोठमोठ्याने हसते, निरांजन हलते आणि दाजी ओरडतात. त्या वर्षी ती तोंडाला पदर लावून ओवाळत होती. हसली नाही. ताम्हन घेऊन जवळ आली तेव्हा उदबत्तीच्या आणि उटण्याच्या वासातूनही मला एक दुसरा वास आला. कुजका. मी म्हटले, "आक्का, तोंड उघड बघू." ती म्हणाली, "अरे, सणासुदीचं काय ते! श्रावणात दाढ काढली, तिथलं भरायचंय अजून. वय झालं आता माझं." मी हट्टाने देवघरातली विजेरी आणून पाहिले. खालच्या जबड्यात मागे, दाढेच्या जागी, हिरडीतून एक करडे-पिवळे हाड डोकावत होते.

श्रावण ते कार्तिक. तीन महिने माझी बहीण दुधात पोळी कुस्करून खात होती आणि घरातल्या पाच माणसांपैकी एकालाही ते वेगळे वाटले नव्हते. ज्याने दाढ काढली त्याच्याकडे ती दोनदा गेली होती. त्याने दोनदा गुळण्यांचे औषध दिले आणि "या वयात जखम उशिराच भरते" असे सांगून पाठवले.

आता जखम भरते कशी, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. दाढ निघाली की तिच्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते. ती गाठ म्हणजे नव्या घराचा पाया. तिच्यात कोवळे मांस शिरते, काही आठवड्यांत वरून हिरडी मिटते आणि आत महिनोन्‌महिने हाड भरत राहते. कधी ही गाठ तिसऱ्या-चौथ्या दिवशी निसटते आणि हाड उघडे पडून कानापर्यंत ठणका लागतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हे अधिक होते. त्याचा त्रास भयंकर, पण नीट काळजी घेतली तर आठ-दहा दिवसांत तो ओसरतो. तीन महिन्यांनी हाड उघडे दिसणे ही मात्र वेगळीच गोष्ट. तिला वयाचे नाव देऊन भागत नाही.

पण भाऊ या नात्याने मीही काही कमी मूर्ख निघालो नाही. आक्काला घेऊन मी शहरात गेलो तो नेमका दुसऱ्या प्रकारच्या माणसाच्या दारात. दवाखाना चकचकीत. भिंतीवर बत्तीस दातांचे रंगीत चित्र आणि प्रत्येक दाताखाली एकेका अवयवाचे नाव. या दाढेखाली मूत्रपिंड, त्या सुळ्याखाली यकृत. आक्काचे गुडघे दुखतात, तिला थोडी साखर आहे, दुपारी थकवा येतो, हे सगळे त्याने आस्थेने ऐकून घेतले. एवढ्या आस्थेने तिचे कोणी कधी ऐकले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. मग त्याने निदान सांगितले. पूर्वी काढलेल्या दाढांच्या जागी जबड्यात छुपी पोकळी राहिली आहे, तिच्यातले विष अंगभर झिरपते आहे. चार जागा उघडून खरवडाव्या लागतील. एकेका जागेचे वीस हजार. मी विचारले, "या पोकळ्या फोटोत दिसतात का?" तो हसून म्हणाला, "साध्या फोटोत दिसत नाहीत, तीच तर त्यांची खुबी!"

मास्तरच्या डोक्यात तिथे घंटा वाजायला हवी होती. वर्गातला पोरगा म्हणाला की "गृहपाठ केलाय, पण तो दिसत नाही हीच त्याची खुबी", तर मी त्याला बाकावर उभा करीन. पण बहिणीच्या काळजीने माणूस खुळा होतो. मी पोस्टातले पैसे मोडायचे ठरवून घरी आलो.

वाचवले ते दाजींच्या काटकसरीने. ते म्हणाले, "ऐंशी हजार घालवण्याआधी सरकारी दंतमहाविद्यालयात तर दाखवू." तिथे दोन तास रांगेत बसलो. आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आक्काच्या तोंडात पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "मावशी, हाडं ठिसूळ झाली म्हणून कधी इंजेक्शन घेतलंय का? वर्षातून एकदा, सलाईनमधून?"

घेतले होते. आक्काचे मनगट मोडले तेव्हापासून तीन वर्षे घेत होती. त्याची फाईल माझ्याच कपाटात होती! इंजेक्शन देणाऱ्याने दातांविषयी सांगितले नाही, दाढ काढणाऱ्याने इंजेक्शनाविषयी विचारले नाही आणि फाईल सांभाळणाऱ्या शहाण्या भावाने दोन्हींचा मेळ घातला नाही. तीन जण मिळून जे करू शकलो नाही ते त्या बाईंनी एका वाक्यात केले.

आपले हाड म्हणजे दगड नव्हे. ते रोज थोडे पाडले जाते आणि थोडे बांधले जाते. पाडकाम करणारे वेगळे, गवंडी वेगळे. म्हातारपणी पाडकाम वाढते, म्हणून ही औषधे पाडणाऱ्यांचे हात धरतात. त्याने मांडीचे, मणक्याचे हाड मोडण्यापासून वाचते, हा त्यांचा मोठा उपकार आहे. पण जबड्याचे हाड इतर हाडांसारखे मांसाच्या गादीखाली लपलेले नसते. त्याच्यावर पातळ हिरडी, भोवती जंतूंनी भरलेले तोंड, दिवसभर चावण्याचा भार. आणि दात म्हणजे तर हाडातून थेट बाहेर आलेला खुंट. तो उपटला की त्या जागी मोडतोड आणि बांधणी दोन्ही झपाट्याने व्हावी लागतात. पाडणाऱ्यांचे हात बांधलेले असतील तर मेलेले हाड तिथेच पडून राहते. मायामीचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ साली अशा छत्तीस रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हापासून जगाला हे ठाऊक आहे. आठ आठवड्यांहून अधिक काळ जबड्याचे हाड उघडे राहिले आणि रोग्याने अशी औषधे घेतलेली असली, तर हा रोग ओळखावा, असा दंडकही पुढे ठरला. म्हणजे ज्ञान वीस वर्षांहून जुने आहे. ते आमच्या तालुक्याला पोचायला कुठला रस्ता अजून व्हायचा राहिला आहे?

"उगाच घाबरवता," असे कोणी म्हणेल. मुळीच नाही. ठिसूळ हाडांसाठी औषध घेणाऱ्या दहा हजार माणसांत हा रोग दोन-पाच जणांना होतो. कर्करोग हाडात उतरला म्हणून हीच औषधे मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत अधिक, तरी शंभरात पाचाहून कमी. हे वाचून कोणी आपल्या आईचे औषध परस्पर बंद केले, तर तिची मांडी मोडल्याचे पाप माझ्या माथी येईल. तसे करू नका. मी एवढेच म्हणतो की दाढ काढण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. सुन्न करण्याचे इंजेक्शन चढायलाही त्याहून अधिक वेळ जातो. त्या वेळात डॉक्टर काय करतात? मोबाईल पाहतात!

आता माझ्या भांडणाचा गाभा. जबडा हा बहुतेक वेळा चोर नसतो, साक्षीदार असतो. शरीरात दुसरीकडे जे घडते आहे ते तो बोलून दाखवतो. हे मी पदरचे सांगत नाही, इतिहास सांगतो.

दिवाळीची पणती लावायला तुम्ही जी काडी ओढता तिच्यापासूनच सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकात काड्यांच्या टोकाला पांढरा फॉस्फरस असे. कारखान्यातल्या बायापोरी त्याची वाफ दिवसभर हुंगत. आधी दाढ दुखे, ती काढली जाई, जखम भरत नसे आणि जबडा सडत जाई. व्हिएन्नाच्या लोरिन्झर या डॉक्टरने १८४५ साली हा रोग नोंदवला. पुढे चार दशकांनी, १८८८ साली, लंडनमधल्या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींची गाऱ्हाणी अ‍ॅनी बेझंटबाईंनी छापून आणली आणि त्या मुलींनी संप केला. याच बाई पुढे १९१७ साली आपल्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. पांढरा फॉस्फरस बंद करण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९०६ साली झाला आणि हिंदुस्थानात तसा कायदा १९१३ साली आला. पहिली साक्ष १८४५ सालची, कायदा १९१३ सालचा. साक्षीदार अडुसष्ट वर्षे बोंबलत होता!

दुसरी हकीकत अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातली. ऑरेंज नावाच्या गावी घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचे चमकते आकडे रंगवण्याचा कारखाना होता. मुली ब्रशाला ओठांनी टोक काढीत आणि पुन्हा रंगात बुडवीत. त्यांतल्या मॉली मॅगिया नावाच्या मुलीची दाढ दुखली म्हणून काढली, जखम भरेना. आणखी दात गेले, मग जबडाच तुकड्यातुकड्याने हाती आला आणि १९२२ साली ती वारली. मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहिले? गुप्तरोग! न्यूयॉर्कचे दंतशल्यचिकित्सक थिओडोर ब्लम यांनी १९२४ साली अशाच एका मुलीचा जबडा पाहून त्याचा संबंध तबकड्यांच्या रंगाशी जोडला. शरीर रेडियमला चुन्याचा भाऊ समजून हाडात साठवते, ते अंगातल्या साऱ्या हाडांत बसते आणि पहिल्यांदा बोलतो तो जबडा. मॉलीची हाडे १९२७ साली उकरून पाहिली तेव्हा त्यांत रेडियम सापडले.

आणि त्याच दशकात, त्याच न्यू जर्सी राज्यात, ट्रेंटनच्या वेड्यांच्या इस्पितळात काय चालले होते? तिथले मुख्य डॉक्टर हेन्री कॉटन यांचा सिद्धांत असा की वेडाचे मूळ छुप्या जंतुदोषात, आणि त्याचे पहिले घर दातांत. त्यांनी रोग्यांचे दात सरसकट उपटले. वेड गेले नाही, तेव्हा टॉन्सिल काढले. तरी गेले नाही, तेव्हा आतडी कापली. त्या शस्त्रक्रियांत कित्येक रोगी दगावले. डॉक्टर मात्र शेकडा पंच्याऐंशी बरे झाल्याचे सांगत राहिले. फिलिस ग्रीनेकर या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दाव्याची तपासणी केली तेव्हा तो टिकला नाही. पण तो अहवाल दडपला गेला. कॉटन ढोंगी नव्हते, हीच त्यातली भयंकर गोष्ट. त्यांनी आपल्या पोटच्या मुलांचेही दात काढवले होते.

एका राज्यात, एका काळात, दोन गावे. ऑरेंजमध्ये जबडा खरे सांगत होता. त्याचे कोणी ऐकले नाही. ट्रेंटनमध्ये दात बिचारे गप्प होते. त्यांना फाशी दिले. पहिला माणूस आणि दुसरा माणूस यांचे याहून चांगले चित्र मला कादंबरीतही रंगवता येणार नाही.

दुसरा माणूस इथे उसळून म्हणेल, "जबड्यातला दोष शरीरात पसरतच नाही, असे का म्हणायचे आहे तुम्हाला?" नाही. पसरतो. खालच्या दाढेचा पू हनुवटीखाली उतरून गळा दाबतो आणि माणूस गुदमरून मरू शकतो. हृदयाची झडप खराब किंवा कृत्रिम असेल तर तोंडातले जंतू रक्तातून तिथे जाऊन बसतात. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर चढते. हाडाला सूज येऊन ते आतून कुजते. हाडातला बराचसा चुना गेल्याशिवाय साध्या फोटोत काही दिसत नाही, हेही खरे. पण या प्रत्येक गोष्टीला काही खूण असते: पू, सूज, ताप, बधिर ओठ, मोठ्या फोटोत दिसणारी जागा, तुकडा काढून तपासल्यावर मिळणारा पुरावा. ज्याला यांतली एकही खूण नाही, जे फक्त फी घेणाऱ्यालाच दिसते आणि ज्यात गुडघ्यापासून थकव्यापर्यंत सारे रोग मावतात, ते निदान नव्हे; ती गारुड्याची पोतडी आहे.

पहिल्या माणसालाही मी सोडणार नाही. त्याला २०२१ सालचा उन्हाळा आठवावा. कोरोनातून उठलेल्या, साखर वाढलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या माणसांचे वरचे दात हलू लागले, गाल दुखू लागले. काहींचे दात काढले गेले आणि खड्डे भरेनात. तो काळ्या बुरशीचा पहिला निरोप होता. ज्यांनी तो वेळीच वाचला त्यांचा जीव वाचला. ज्यांनी "दातच तर आहे" म्हटले त्यांच्यापैकी कितीकांचा वरचा जबडा गेला, डोळा गेला, काहींचे प्राण गेले. आपल्या महाराष्ट्राने हे जवळून पाहिले आहे. चार-पाच वर्षांत विसरलोही?

आणि तंबाखू? गुटख्यावर २०१२ साली राज्यात बंदी आली, पण आमच्या बायकांची मिश्री आणि पुरुषांची चुन्याची डबी चालूच आहे. तोंडातला न भरणारा खड्डा कधी कधी कर्करोगच असतो. कर्करोगासाठी जबड्यावर किरण घेतलेल्या माणसाची दाढ पुढे निष्काळजीपणे काढली तर हाड मरू शकते. म्हणून किरणांच्या आधीच दात तपासून घ्यायचे असतात.

आता आक्काचे काय झाले ते सांगतो. चार जागा कोणी उघडल्या नाहीत. औषधी गुळण्या, जंतूंवरचे औषध आणि दर पंधरा दिवसांनी एस.टी.ची खेप. फाल्गुनात मेलेल्या हाडाचा एक तुकडा सुटला, डॉक्टरीणबाईंनी तो अलगद काढला आणि ज्येष्ठापर्यंत हिरडी मिटली. खर्च आला तो बहुतेक एस.टी.चा. तिचे गुडघे मात्र अजून दुखतात. जबडा बरा झाला, गुडघे होते तसेच राहिले. त्या रंगीत चित्रवाल्याला माझे हेच उत्तर आहे. चकली ती आता चहात बुडवून खाते आणि म्हणते, "बाळू, हीच खरी लागते चवीला."

म्हणून या दिवाळीत एक काम करा. माळा झाडाल, भांडी घासाल, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या फायलीही काढा. हाडांची गोळी किंवा इंजेक्शन, साखर, रक्त पातळ करणारी गोळी, हृदयाची झडप, पूर्वी घेतलेले किरण, हे एका कागदावर लिहा आणि दाढ काढायला जाताना तो कागद डॉक्टरच्या हातात द्या. त्याने विचारले नाही तरी द्या. दाढ काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत जागा मिटताना दिसली नाही, पू आला, हाड दिसले, ओठ बधिर झाला, तोंड उघडेनासे झाले, तर पुन्हा दाखवा. "वय झाले" हे उत्तर मिळाले तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. गिळता येत नसेल किंवा गळा सुजला असेल तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

आणि आपल्या आईचे, बहिणीचे, आजीचे तोंड एकदा विजेरीने पाहा. बायका दुखणे पदराआड ठेवतात आणि आपण पदराला लाज समजून नजर वळवतो. गेल्या भाऊबीजेला आक्काने पदर न लावता ओवाळले. ती हसली, निरांजन हलले, दाजी ओरडले. मी ओवाळणी घातली आणि आधी तिचे तोंड उघडून पाहिले. ती म्हणाली, "मेल्या, ओवाळून घ्यायला आलास की दाढा मोजायला?"

मी म्हटले, "दोन्हीला."